दादाचा महिना

"श्रावणातला," आई म्हणाली.

डॉक्टर पळसुल्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिन्यापूर्वी याच खोलीत, याच लाकडी खुर्चीवर बसून आईनं दौलतदादाचा जन्म माघातला म्हणून सांगितला होता. आता त्याच तोंडानं श्रावण.

"मावशी, मागच्या वेळी तुम्ही माघ म्हणाला होता," डॉक्टर म्हणाले.

"म्हनले असंन."

"मग बरोबर काय?"

"श्रावन. पोळ्याच्या आधी. पाऊस नुसता कोसळू ऱ्हायला व्हता."

"आई, अगं काय बोलतेस तू!" मी म्हणाले.

"तू व्हती का तिथं? मी व्हते. मला इचारू ऱ्हायले ना ते? मंग तू गप बस."

डॉक्टर पळसुले तसे शांत माणूस. वयानं दादाएवढेच असतील. मनोरुग्णालयात ते नोकरीला नव्हते, कसलासा अभ्यास करायला आले होते. वर्षातल्या कोणत्या ऋतूत माणूस जन्मला, आणि पुढं मनाचा आजार झाल्यावर त्याचं शरीर कसं वागतं, याचा काही मेळ बसतो का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी त्यांच्याजवळ एक यंत्र होतं आणि यंत्राइतकीच गरज होती ती जन्माच्या महिन्याची. इथंच त्यांचं घोडं अडलं होतं.

"शाळेच्या दाखल्यावर काय आहे?" त्यांनी मला विचारलं.

"एक जून."

ते हसले, पण त्या हसण्यात काही राम नव्हता. "निम्मा वॉर्ड एक जूनला जन्मलाय. तुमच्या गुरुजींनी माझा अभ्यास बुडवला."

मी स्वतः शाळेत शिकवत होते आणि माझाही वाढदिवस एक जूनच होता. पोराला पहिलीत घालताना वय बसवायचं तर गुरुजी डोळे झाकून एक जून लिहायचे, सगळ्या तालुक्यात तीच रीत.

"हे बघा," डॉक्टर म्हणाले, "महिना नक्की नसेल तर मला दौलतला अभ्यासात घेता येणार नाही. आणि घेतलं नाही तर तपासणीही करता येणार नाही. थंडी की पावसाळा, एवढं तरी मला खरं कळलं पाहिजे. दौलतला आणायला सांगतो. तोवर तुम्ही दोघी ठरवा."

ठरवा! जणू जन्माचा महिना म्हणजे लग्नाची तारीख.

आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. ती तपासणी मला हवी होती. डॉक्टरांपेक्षा मलाच जास्त हवी होती, आणि का ते सांगितल्याशिवाय माझा त्या दिवशीचा संताप कुणाला समजायचा नाही.

दादा त्या रुग्णालयात पाच वर्षं होता. विसाव्या वर्षी आयटीआयमधून घरी आला तो झोपेनाच. भिंतीतून माणसं बोलतात म्हणायचा. मग बोलणंच बंद केलं. मधे दोनदा त्याला घरी आणलं. दुसऱ्या वेळी त्यानं गोळ्या तुळशीच्या मातीत पुरल्या आणि एका सकाळी घोटीच्या रस्त्यानं चालत सुटला. आमच्या वडलांनी, आप्पांनी, मार्केट यार्डातली हमाली सोडून चार गावं पालथी घातली, तेव्हा कुठं सापडला. त्या दिवसापासून आप्पांचं मन उठलं ते उठलंच. वॉर्डाचे मोठे डॉक्टर आता म्हणत होते, औषध वेळेवर दिलं तर घरी न्यायला हरकत नाही. पण आप्पांचा नन्नाचा पाढा. त्यातच निफाडकडचं एक स्थळ मला सांगून आलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. घरात असा भाऊ दिसला तर पाहुणे उंबऱ्यावरूनच मागं फिरतील, असं आप्पा सरळ बोलून दाखवायला लागले. दादाला तिथंच ठेवायचं, आणि तेही माझ्या नावावर. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

"तो तुझ्याकडं बघतो तरी का?" आप्पा म्हणायचे. "तुझ्या आईकडं बघतो का? त्याला हितं आन तिथं सारखंच. कळत असतं तर मी पाठीवर घिऊन आनला असता."

दादा खरंच बघत नव्हता. म्हणूनच डॉक्टर पळसुल्यांचं यंत्र ऐकलं तेव्हा मला हत्तीचं बळ आलं. डॉक्टरांनी मागच्या खेपेला समजावलं होतं: अचानक आवाज झाला किंवा मनात काही हललं, की माणसाच्या हाताला कणभर घाम सुटतो. आपल्यालाही तो कळत नाही, पण यंत्राला कळतो आणि कागदावरचं पेन उडी मारतं. मी घरी येऊन आप्पांना हे सगळं हातवारे करून सांगितलं. आप्पांनी विडीचा झुरका घेतला.

"असं म्हनतेस? मंग हलू दे पेन. हललं तर आनू घरी. न्हाई हललं तर पुन्यांदा हा इषय माझ्यापुढं काढायचा न्हाई. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले.

आता हे सगळं अडलं होतं कुठं, तर आईच्या जिभेवर.

"तुला दादा घरी यायला नको का?" मी व्हरांड्यात तिला विचारलं.

"नको व्हय? मपल्या पोटचा हाय तो."

"मग खरा महिना का सांगत नाहीस? आठवत नसेल तर आठवत नाही म्हण."

"आठवतंय."

"मग?"

"सांगितलं ना, श्रावन."

पालथ्या घड्यावर पाणी! मी कपाळाला हात लावला. आई पिशवीतून शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा काढत बसली. झाकण घट्ट बसलं होतं, तिच्या बोटांना ते उघडेना. जन्मभर विड्या वळून तिच्या बोटांची टोकं वहाणेच्या तळासारखी कडक झाली होती. तंबाखूचा पिवळा रंग कातडीत असा मुरला होता की सणावाराला मेंदी लावली तरी चढायची नाही. मी डबा हिसकावून उघडून दिला.

तेवढ्यात वॉर्डातले शिपाईमामा दादाला घेऊन आले. केस बारीक कापलेले, सदऱ्याची बटणं वरखाली. आईनं आधी बटणं नीट लावली, मग त्याच्या हातावर लाडू ठेवला. त्यानं तो खाल्ला. चव कळली की नाही, देव जाणे. डोळे समोरच्या पाण्याच्या टाकीवर.

"दादा, मी सिंधू," मी म्हणाले. दर वेळी म्हणायची.

तो टाकीकडेच बघत राहिला. आतून डॉक्टरांनी हाक मारली.

खोलीत एका कोपऱ्यात ते यंत्र होतं. शिवणयंत्राएवढी पेटी, तिच्यावर सरकणारा कागद आणि एक बारीक पेन. डॉक्टरांनी दादाला भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसवलं, त्याच्या दोन बोटांना पांढरी पेस्ट लावली आणि त्यावर धातूच्या छोट्या वाट्या पट्टीनं बांधल्या. पेन सुरू झालं. कागदावर एक सरळ रेघ उमटायला लागली.

"आवाज ऐकवायच्या आधी थोडा वेळ नुसतं बसवावं लागतं," ते म्हणाले. "हा सुरुवातीचा भाग मोजणीत धरत नाही. तेवढ्यात मावशी, तुम्ही महिना सांगा. नाहीतर मला हे इथंच थांबवावं लागेल."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. मी तिच्याकडे इतकं रोखून पाहिलं, की वर्गातलं पोर असतं तर रडलंच असतं.

"साहेब," ती म्हणाली, "महिना घिऊन तुम्ही मागं मोजनार ना?"

"मागं? म्हणजे कसं?"

"म्हंजी ह्यो पोटात व्हता तव्हाचं. मागल्या खेपंला तुम्हीच म्हनले. थंडीत जलमलेल्या मानसांत ह्यो आजार वाईच जास्ती दिसतो. पोटात असतानाच काय तरी घडत असंन, म्हनले."

"तसा एक अंदाज आहे, मावशी. नक्की कुणालाच ठाऊक नाही."

"मला ठाव हाये."

कागद सरकण्याचा तेवढा आवाज येत होता.

"लिवा, माघच हाये," आई म्हणाली. "आन काय घडलं ते बी लिवा. कार्तिकात सूर्याला गिऱ्हान लागलं. मला सहावा व्हता. सासूनं मला आतल्या खोलीत घातलं. म्हनली, सरळ पडून ऱ्हाय, काय चिरू नको, कापू नको, नायतर पोराला भवंल. बाहेरून कडी लावली. आन दुसऱ्या दिशी कारखान्यात विड्या पोचवायच्या व्हत्या. भिजवलेल्या पानांचा गठ्ठा तिथंच पडलेला. वाळला असता तर सगळी पानं मातीत. मी उठले. अंधारात बोटाच्या अंदाजानं कात्री चालवली. गिऱ्हान सुटंपोतर पानं कापत बसले. कोनाला कळलं न्हाई. सासू मेली, तिला कळलं न्हाई. ह्याच्या बापाला आजून कळलं न्हाई."

ती रडत नव्हती. नुसतं डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती बोलत होती.

"तुम्ही मागल्या बारीला माघ लिवून घेतला, आन तुमच्या तोंडावर कसं हसू आलं. तव्हाच मला कळलं. म्हनलं, ह्यांला घावलं."

मला लहानपणापासूनचं एकदम आठवलं. दर ग्रहणाला आमच्या घरातली पानं कापायची कात्री दिसेनाशी व्हायची. आई ती लोखंडी पेटीत घालून किल्ली कनवटीला लावायची. मला वाटायचं, बायकांची रीत असेल.

डॉक्टर खुर्चीवरून उठले. "मावशी, ग्रहणाचा आणि कात्रीचा याच्याशी काही म्हणजे काही संबंध नाही. मी शपथेवर सांगतो."

"मंग महिना कशाला इचारता?"

बिचारे डॉक्टर. त्यांनी थंडीतले आजार, आईचं खाणंपिणं, ऊन कमी मिळणं, असं काय काय सांगायला सुरुवात केली आणि मधेच थांबले. त्यांनाही कळलं असावं, की आपण जे जे सांगतोय ते या बाईच्या पोटावरच येऊन थांबतंय.

"माघात हजारो मुलं जन्मतात," शेवटी ते म्हणाले. "जवळजवळ सगळी चांगली असतात."

"ह्यो न्हाई ना," आई म्हणाली.

मी यंत्राकडे पाहिलं. दादा भिंतीकडे तोंड करून तसाच बसला होता. मान हलली नव्हती, पाठ हलली नव्हती. एवढं सगळं त्याच्या पाठीमागं होऊन गेलं आणि कागदावरची रेघ सरळच्या सरळ. अजून तपासणी व्हायची आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

डॉक्टरांनी माघ लिहिला आणि दादाच्या कानांवर हेडफोन चढवले. एकेक आवाज आम्हाला बारीक ऐकू येत होता. दर आवाजाला मी पेनाकडे बघायची. हल, म्हणायची मनात. हल की मेल्या. एक आवाज, दुसरा आवाज, किती झाले कुणास ठाऊक. पेन आपलं नाकासमोर चालणाऱ्या गड्यासारखं सरळ चाललं होतं. पुढं पुढं मला त्या पेनाचाच राग यायला लागला.

डॉक्टरांनी हेडफोन काढले. "प्रतिसाद नाही."

"म्हणजे त्याला ऐकू येत नाही?"

"ऐकू येतं. शरीर त्याची दखल घेत नाही. या आजारात पुष्कळांचं असं दिसतं."

"एकदा परत करा ना. आवाज मोठा लावा."

"तसं करता येत नाही. सगळ्यांना सारखेच आवाज द्यायचे असतात."

"मग मला एवढं लिहून द्या, की त्याला कळतं. वडलांना दाखवायला."

त्यांनी मान हलवली. "जे आलं नाही ते मी कसं लिहू? पण यावरून त्याला घरी न्यायचं की नाही हे ठरत नाही. तुमच्या वडलांना मी तसं सांगू का?"

"तुम्ही सांगून ते ऐकणार नाहीत. त्यांना पेन हललेलं पाहिजे!" मी जवळजवळ ओरडलेच. ज्या माणसावर ओरडायला नको त्याच्यावरच आपण नेमके ओरडतो. दादाच्या बोटांवरची पेस्ट डॉक्टर कापसानं पुसत होते, ते पुसत राहिले. आप्पांना 'कबूल' म्हणणारी मीच होते. दादाचा घरचा रस्ता मी माझ्या हातानं बंद करून बसले होते.

"मपल्या बोटाला लावा ते," आई म्हणाली.

"कशाला, मावशी?"

"ह्याला दुखलं का काय ते बघू द्या."

"दुखत नाही हो."

"तुम्ही लावा तर."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि बहुधा कटकट नको म्हणून आईला खुर्चीत बसवलं. पेस्ट, वाट्या, पट्ट्या, हेडफोन. आईनं डोळे मिटून घेतले. पहिल्या आवाजाला ती चक्क दचकली. खांदे उडाले तिचे. मी आपसूक पेनाकडे पाहिलं.

सरळ रेघ.

दुसरा आवाज, सरळ. तिसरा, सरळ. डॉक्टर पुढं वाकले. वायर ओढून पाहिली, पट्टी घट्ट केली, पेटीवरचं बटण फिरवलं. सरळ. मग त्यांनी वाट्या सोडवून स्वतःच्या बोटांना लावल्या आणि मला म्हणाले, "टाळी वाजवा." मी सगळा राग काढून टाळी वाजवली. पेनानं अशी उडी मारली की कागदाबाहेरच जातंय असं वाटलं. यंत्र बरोबर होतं. परत आईला लावलं. परत सरळ.

"काय झालं?" आईनं हेडफोन काढत विचारलं.

डॉक्टर जरा चाचरले. "तुमच्या बोटांची कातडी फार कडक आहे, त्यामुळं असेल. किंवा चांगल्या धडधाकट माणसांपैकीही काहींचं पेन हलत नाही. तुमचं त्यातलं कोणतं, हे मला आत्ता सांगता येणार नाही."

"म्हंजी मपलं बी हललं न्हाई?"

"नाही."

आईच्या गालावरचं पाणी अजून वाळलं नव्हतं. ती आपल्या बोटांकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. पाच वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"म्हंजी मला बी काय कळत न्हाई म्हना की! मंग मला बी ठिवा हितंच." आणि लगेच गंभीर होऊन म्हणाली, "साहेब, ते दोन्ही कागद मला द्या."

दादाचा मोजणीतला कागद देता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण सुरुवातीचा, मोजणीत न धरलेला तुकडा त्यांनी फाडून दिला, आईचाही एक तुकडा दिला. उरलेले लाडू आईनं दादाच्या सदऱ्याच्या खिशात घातले आणि दोन्ही तुकडे त्या रिकाम्या डब्यात ठेवले. निघताना तिनं दादाच्या पाठीवरून हात फिरवला. तो टाकीकडे बघत मामांबरोबर निघून गेला.

एसटीत डबा आईच्या मांडीवर होता. घरी पोचलो तेव्हा आप्पा अंगणात बाजेवर बसले होते.

"हललं का पेन?" आम्ही पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आधीच त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडणार, तोच आईनं डबा उघडला आणि दोन्ही तुकडे त्यांच्या मांडीवर ठेवले.

"ह्यातला एक तुमच्या पोराचा हाये, एक मपला. मी बी लावून घेतलं. ज्याला काय कळत न्हाई त्याचा कागद तेवढा काढा. त्याला हास्पिटलात ठिवू."

आप्पांनी चष्मा लावला. एक कागद उजेडाला धरला, मग दुसरा. उलटे केले, सुलटे केले. रेघा सारख्याच, डब्यात हिंदकळून कागदही सारखेच चुरगळलेले.

"सिंधे, ह्यातला दौलतचा कोन्ता?"

"मला नाही ओळखू येत, आप्पा." आणि खरंच येत नव्हता.

"मजाक करू ऱ्हायली का तुझी आई?"

"मजाक कशाची?" आई म्हणाली. "तीस वर्सं संसार केला ना मपल्यासंग? मला कळतं का न्हाई कळत, तुम्हाला ठाव असंन. काढा कागद."

आप्पांनी चष्मा काढला. दोन्ही कागद एकावर एक ठेवून घडी घातली आणि खिशात टाकली. बराच वेळ विडी विझलेलीच ओढत होते.

"त्या मशीनीला काय अक्कल न्हाई," शेवटी ते म्हणाले.

"मंग?"

"मंग काय? सोमवारी यार्ड बंद असतं. जाऊ घिऊन यायला. आता जेवाया वाढ."

दादा घरी आला. आला म्हणजे सगळं गोडीगुलाबीनं झालं, असं कुणी समजू नये. निफाडचं स्थळ गेलं. गोळीवरून रोजचा झगडा असायचा, आई गोळी दिली की त्याच्या जिभेखाली बोट घालून बघायची. तो दिवसदिवस ओसरीवर बसायचा. कधीमधी आईची पानं पुसून द्यायचा, कधी लाथेनं सूप उडवायचा. बोलणं म्हणजे आठवड्यातून चार शब्द. मी चिडायची, आप्पा चिडायचे, मग दोघं मिळून आईवर चिडायचो. मनात मला सारखं वाटायचं, की आप्पांचंच खरं असेल. याला खरंच काही कळत नसेल.

पुढं माझं लग्न झालं, नाशिकला. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले, आणि त्याच वेळी पंचांगानं दावा साधला. सूर्यग्रहण.

"आत जाऊन पड," आईनं सकाळीच सांगितलं. "सरळ. कूस बदलू नको."

"आई, मी शाळेत पोरांना ग्रहण शिकवते. फळ्यावर आकृती काढून."

"पोरांना शिकव. आता पड."

"डॉक्टर शपथेवर सांगत होते ना तुला?"

"सांगत व्हते. तू पड."

भांडून थकले आणि आतल्या खोलीत जाऊन सरळ पडले. छताचे पत्रे मोजत चडफडत होते. बाहेर अंधारून आलं. तेवढ्यात आईचा आवाज आला, आधी पुटपुटल्यासारखा, मग घाबराघुबरा. "कात्री कुठं गेली? सुपात व्हती. सिंधे, तू नेली का?"

"मी कशाला नेऊ? मी पडलेय ना सरळ!"

ती घरभर शोधत होती. सूप उलटं केलं, पेटी उघडली, चुलीमागं पाहिलं. आप्पांना दोन शिव्या पडल्या. मला राहवेना, मी उठून दारापाशी आले. दाराच्या उंबऱ्यावर, बाहेरच्या बाजूला, दादा बसला होता. दोन्ही हात मांडीखाली दाबलेले, डोळे अंगणाकडे.

"दादा, सरक," मी म्हणाले.

तो सरकला नाही. पाठ दाराला लावून बसून राहिला. मी मागं फिरले आणि पडून राहिले.

केव्हातरी उजेड परत आला. शेजारी कुणीतरी पाण्याची बादली ओतली. दादानं मांडीखालची कात्री काढली, उठून ओसरीवर गेला आणि ती आईच्या सुपात ठेवली.

"सुटलं," तो म्हणाला.

आई त्याच्याकडे बघतच राहिली. मी दारात आले होते.

"तू घेतली व्हती? का रे? तुला कोनी सांगितलं?"

दादा सुपाकडंच बघत होता.

"तूच," तो म्हणाला. "तिथं. डाक्टराला सांगत व्हती."

आईच्या हातातलं पान तसंच राहिलं. मग तिनं सूप थोडं बाजूला सरकवलं आणि त्याला बसायला जागा केली.